प्रमाणपत्रानंतरचे सहा महिने

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे चौकशीला येणाऱ्यांची वर्दळ वाढते. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री या व्यवसायाची निदेशक म्हणून मी सव्वीस वर्षे काम केले. निवृत्त होऊन आता दोन वर्षे झाली, तरी आसपासच्या गावांतले पालक मुलीला सोबत घेऊन येतात आणि दारातूनच विचारतात, "मॅडम, हिला कोणता ट्रेड घ्यावा?" विचारणारे बहुधा वडील किंवा मामा असतात आणि मुलगी त्यांच्या मागे उभी असते. मी आधी मुलीला बसायला सांगते आणि तिच्या गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. तालुक्याहून किती वाजता सुटते, ते तिलाच विचारते. पालकांना हा प्रश्न विषय सोडून वाटतो. परंतु माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी कोणी काम धरले आणि कोण घरी बसली याचा हिशेब मी मनाशी मांडते, तेव्हा गुणांपेक्षा, हुशारीपेक्षा आणि पुष्कळदा घरच्या परिस्थितीपेक्षाही या एका प्रश्नाच्या उत्तराचा वाटा मोठा निघतो.

व्यवसाय प्रशिक्षणाबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते ते प्रवेशाबद्दल आणि निकालाबद्दल. जागा किती वाढल्या, किती जणी उत्तीर्ण झाल्या, समारंभात कोणाच्या हस्ते प्रमाणपत्रे दिली गेली, हे वर्तमानपत्रात छापून येते. प्रमाणपत्र हातात पडल्यानंतरच्या सहा महिन्यांत त्या मुलीचे काय होते, हे मात्र कोणाच्याच नोंदवहीत नसते. माझा अनुभव असा की मुली गळतात त्या याच सहा महिन्यांत. दोन वर्षे उन्हापावसात येऊन, घरच्यांची समजूत काढून, परीक्षा देऊन जी टिकली, ती अभ्यासक्रम संपल्यावर चार-सहा महिने रिकामी राहिली की तिच्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात होते, आणि लग्नानंतर ते प्रमाणपत्र कपाटातल्या फाइलीत जाते. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

ज्यांना या संस्थांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० मध्ये सुरू झाली आणि आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. त्यांपैकी काही केवळ मुलींसाठी आहेत. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, कातारी, यंत्र कारागीर या व्यवसायांचे प्रशिक्षण दोन वर्षांचे असते; संधाता, शिवणकाम आणि संगणक चालक यांचे एका वर्षाचे. (तारतंत्री म्हणजे वायरमन, जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर आणि संधाता म्हणजे वेल्डर. हे शब्द जाहिरातींत आणि प्रवेशपुस्तिकेत टिकून आहेत याचा मला फार आनंद वाटतो, कारण कामाचे नाव आपल्या भाषेत असले की घरच्या माणसांना ते काम परके वाटत नाही.) संधाता आणि तारतंत्री या व्यवसायांना आठवी उत्तीर्ण मुलगीही पात्र ठरते. प्रत्येक व्यवसायात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, म्हणजे वीजतंत्रीच्या वीस जणांच्या तुकडीत सहा. मी नोकरीला लागले तेव्हा या सहांपैकी एक किंवा दोन भरत आणि उरलेल्या जागा पुढच्या फेऱ्यांत मुलांकडे जात. माझ्या शेवटच्या तुकडीत पाच मुली होत्या. म्हणजे दार उघडले आहे. दारातून आत आलेल्या मुलीने पुढे कुठे जायचे, हा प्रश्न उरतो.

त्या आत येतात तेव्हा त्यांना काम जमणार नाही, ही शंका सर्वांत आधी घरच्यांना असते, मग तुकडीतल्या मुलांना आणि कधीकधी आमच्यातल्याच काही जणांना. ही शंका पहिल्या दोन-तीन महिन्यांत फिटते. सुरुवातीला प्रत्येकाला लोखंडाचा एक तुकडा देतात, त्याला आमच्याकडे 'जॉब' म्हणतात, आणि तो व्हाइसमध्ये धरून कानशीने घासून त्याची बाजू सपाट व काटकोनात आणायची असते. काटकोन तपासायचे अवजार लावून तो उजेडाकडे धरायचा आणि मधून प्रकाशाची रेघ दिसली तर पुन्हा घासायचा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्याच तळहाताला फोड येतात. मुलांपैकी बरेच जण जोर लावून भराभर घासतात आणि जॉब मधोमध फुगीर करून ठेवतात. मुलींचा हात सावकाश चालतो, पण कानस समांतर जाते, आणि महिन्याअखेरीस त्यांच्या जॉबच्या मागून उजेड येत नाही. हे सगळ्या मुलींबाबत खरे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ताकदीचे काम म्हणून ज्याची भीती घातली जाते ते प्रत्यक्षात नजरेचे आणि धीराचे काम असते, हे मला त्या उजेडाच्या रेघेने शिकवले.

पुढे जिन्याची वायरिंग येते. एक दिवा, दोन स्विच, एक जिन्याच्या खाली आणि एक वर. कुठूनही दिवा लागला पाहिजे आणि कुठूनही विझला पाहिजे. फळीवर ही जोडणी पूर्ण करून मुलगी पहिल्यांदा स्विच दाबते तो क्षण मी दर वर्षी पाहिला आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने त्याच आठवड्यात सुट्टीवर घरी जाऊन आजीच्या खोलीत अशी जोडणी करून दिली, कारण आजीला रात्री अंधारात पलंगापासून दारापर्यंत चाचपडत जावे लागे. सोमवारी तिने मला येऊन सांगितले की वडिलांनी सामानाचे पैसे दिले आणि वर काही बोलले नाहीत, फक्त शेजाऱ्यांना बोलावून दोनदा दिवा लावून दाखवला. त्या घरात पुढे तिच्या शिक्षणाबद्दल वाद झाला नाही.

बायकांच्या हाताला यंत्र शोभत नाही असे म्हणणाऱ्यांना मी दौंड तालुक्यातल्या केडगावची आठवण करून देते. पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती सदनात विधवा आणि दुष्काळातून वाचलेल्या मुलींना ज्या गोष्टी शिकवल्या, त्यांत विणकाम होते, शेती होती, गुरांचे काम होते आणि छापखानाही होता. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे तिथल्या स्त्रियांनी केली आणि रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यातून बाहेर पडले. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सेवासदन उभे राहिले आणि तिथून स्त्रिया परिचारिका, शिक्षिका होऊन पगारी कामाला लागल्या. या दोन्ही ठिकाणांची एक गोष्ट मला विशेष वाटते. तिथे शिकवणाऱ्यांनी कामाचीही सोय डोळ्यांपुढे ठेवली होती. केडगावात छापखाना शिकलेल्या मुलीसाठी छापखाना त्याच आवारात होता.

आज आपण याच्या उलट करतो, आणि शिवणवर्गाइतके याचे स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. माझ्या माहेरच्या गावात काही वर्षांपूर्वी तीन महिन्यांचा शिवणवर्ग झाला. पंचवीस बायकांनी मनापासून शिक्षण घेतले आणि शेवटी प्रत्येकीला प्रमाणपत्र मिळाले. दीड हजार वस्तीच्या त्या गावात ब्लाउज शिवणाऱ्या दोघी आधीपासून होत्या. वर्गानंतर त्या सत्तावीस झाल्या, आणि ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायका होत्या तेवढ्याच राहिल्या. शिलाईचा दर उतरला आणि आधीच्या दोघींचेही उत्पन्न कमी झाले. शिवणकामाला मी कमी लेखत नाही. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कमध्ये कपडे तयार करणाऱ्या कारखान्यांत बहुसंख्य स्त्रियाच काम करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण कारखान्यातले शिवणकाम विजेवर धावणाऱ्या वेगवान मशीनवर, ठरलेल्या वेळात, एका कपड्याचा एकच भाग पुन्हा पुन्हा शिवण्याचे असते. पायमशीनवर तीन महिने ब्लाउज शिकलेल्या बाईला तिथे पहिल्या दिवशी मशीनचा वेगही आवरत नाही. शिकवताना ती कुठे काम करणार आहे याचा विचार झाला असता, तर वर्गात दोन वेगवान मशीन आणता आली असती, किंवा शाळेच्या गणवेशाचे काम मिळवून पंचवीस जणींचा एक गट उभा करता आला असता. त्या पंचवीसपैकी आज चौघी शिवतात. त्यांतली एक फॉल-पिको आणि जुन्या साड्यांची गोधडी यांवर वळली आणि तिचे बरे चालले आहे. ते तिने स्वतःच्या बुद्धीने केले.

मुलगी म्हटली की शिवण, पार्लर किंवा संगणक, ही तीनच नावे पुढे केली जातात आणि गावाला खरोखर कोणाची गरज आहे हे कोणी पाहत नाही. माझ्या भागात ऊस आहे, म्हणजे विहिरी आहेत, बोअर आहेत, पाण्यातल्या मोटारी आहेत, आणि त्या मोटारी जळतात. हे मी पुढे सविस्तर सांगणार आहे.

त्याआधी शिकाऊ उमेदवारीबद्दल, म्हणजे अप्रेंटिसशिपबद्दल, लिहिले पाहिजे, कारण सहा महिन्यांची ती दरी भरून काढण्यासाठी कायद्याने बांधलेला पूल तोच आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचेच असतात, आणि आयटीआय झालेल्या उमेदवाराला त्याच नियमांनी दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवून दिले. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देते. या वर्षभरात मुलगी खऱ्या कारखान्यात उभी राहते, पॅनेल उघडते, बिघाड शोधते, आणि पुढे कोणत्याही मुलाखतीत तिच्याकडे सांगण्यासारखे काही असते. वीजतंत्री झालेल्या मुलीने उमेदवारी केली असेल आणि केली नसेल, या दोघींच्या पुढच्या आयुष्यात जो फरक पडतो तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. म्हणून पालकांना मी एकच आग्रह करते: निकालाची वाट पाहत बसू नका, दुसऱ्या वर्षाच्या शेवटीच उमेदवारीच्या पोर्टलवर मुलीची नोंद करून ठेवा आणि आसपासच्या कारखान्यांची यादी काढा.

पण हा पूलही मधेच तुटतो. सहा-सात वर्षांपूर्वी माझी एक अतिशय चांगली विद्यार्थिनी तालुक्यापासून पस्तीस किलोमीटरवरच्या एका मोठ्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागली. तिला कामाची आवड होती आणि तिथल्या पर्यवेक्षकांचीही तिच्याबद्दल तक्रार नव्हती. पाळी फिरती असल्याने दर तिसऱ्या आठवड्यात तिला दुपारी तीनच्या पाळीला जावे लागे आणि ती पाळी रात्री साडेअकराला सुटे. कारखान्याची गाडी होती, परंतु ती हमरस्त्यावरच्या फाट्यापर्यंतच येई. फाट्यापासून तिचे गाव चार किलोमीटर आत. सुरुवातीला वडील मोटारसायकल घेऊन रात्री फाट्यावर थांबत. मग ऊसतोड सुरू झाली, वडिलांना रात्रीचे पाणी धरायला जावे लागे, भाऊ लहान. तिने पहिली पाळी मागितली. एका उमेदवारासाठी पाळी बदलता येणार नाही असे उत्तर आले. दुसरी अडचण तिने मला फार उशिरा सांगितली. तिच्या विभागात स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह नव्हते; कार्यालयाच्या इमारतीतल्या स्वच्छतागृहाची किल्ली पर्यवेक्षकाकडून मागून घ्यावी लागे, आणि दुसऱ्या पाळीत ते कार्यालय बंद असे. ती आठ-आठ तास पाणी पीत नव्हती. पाचव्या महिन्यात तिला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आणि तिने उमेदवारी सोडली. कारखान्याच्या कागदावर 'वैयक्तिक कारणास्तव' अशी नोंद झाली. मी स्वतः तिथे जाऊन भेटले होते. माझ्याशी सगळे आदराने बोलले, आणि काहीही बदलले नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी कारखान्यात काम करण्यास मनाई केली होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्यात दुरुस्ती करून सुरक्षितता, वाहतूक आणि अन्य सोयींच्या अटींवर रात्रपाळीची वाट मोकळी केली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेने देशभर, स्त्रीच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर, तीच परवानगी दिली. मला हा बदल योग्य वाटतो. कायद्याने मुलींना रात्री घरी पाठवले की त्यांची नोकरीही घरी जाते. परंतु वाहतूक म्हणजे घराच्या दारापर्यंतची वाहतूक, फाट्यापर्यंतची नव्हे, हे तपासणारा माणूस कोण, हा माझा प्रश्न आहे. हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. पुण्यातल्या टाटा मोटर्सच्या कारखान्यात मोटारगाड्यांच्या जुळणीची एक संपूर्ण ओळ स्त्रिया चालवतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणी आयटीआय किंवा बारावी करून आलेल्या आहेत. जिथे हजार-पंधराशे मुली एकदम घेतल्या जातात तिथे गाडी, स्वच्छतागृह, वसतिगृह यांची सोय करावीच लागते. जिथे एकच मुलगी असते तिथे ती एकटी पडते. म्हणून मी शेवटच्या काही वर्षांत मुलींना उमेदवारीसाठी एकेकटी पाठवणे बंद केले. तीन-चार जणींना मिळून एकाच कारखान्यात अर्ज करायला लावायचे आणि एकच पाळी मागायची, असा प्रघात पाडला. तिघींनी मिळून किल्ली मागितली की कुलूपच निघते, हे त्यांनी मला येऊन सांगितले आहे.

आता जळणाऱ्या मोटारींकडे येते. शेतीला तीन फेजची वीज ठरावीक तास मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्री उठून मोटार चालू करायला नको म्हणून शेतकरी ऑटो स्विच बसवतात; वीज आली की परिसरातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, रोहित्रावर भार येतो, दाब उतरतो. कधी एक फेज जातो आणि मोटार दोनच फेजवर गुरगुरत राहते. कधी बोअरचे पाणी खाली गेलेले असते. कारण कोणतेही असो, आतल्या तारेचे आवरण जळते आणि मोटार बाहेर काढून पुन्हा भरावी, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून बसवावी लागते. उन्हाळ्यात ही मोटार दोन दिवसांत परत मिळाली नाही तर उभे पीक वाळते. मोटार भरणाऱ्या कारागिराला म्हणूनच आमच्या भागात बारमाही काम असते.

माझी एक विद्यार्थिनी आज हे काम करते. तिने एका कारखान्यात वर्षाची उमेदवारी पूर्ण केली, मग तिचे लग्न झाले, आणि सासर कारखान्यापासून ऐंशी किलोमीटरवर असल्याने नोकरीचा विचार सोडावा लागला. तिच्या सासऱ्यांची मोटार जळली तेव्हा ती दुरुस्तीला तालुक्याला नेली आणि आठ दिवस परत आली नाही. त्या आठ दिवसांत तिने घरात सांगितले की हे काम मला येते. आज तिचे दुकान गावच्या चौकात, पिठाच्या गिरणीला लागून, दहा बाय बाराच्या खोलीत आहे. मागच्या पावसाळ्यात मी अर्धा दिवस तिथे बसले होते. जमिनीवर पोते अंथरून ती स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा बाहेरचा भाग, दोन पायांत धरून बसते. जळालेल्या तारा एका बाजूने छिन्नीने कापून दुसऱ्या बाजूने ओढून काढते, पण सगळ्या एकदम काढत नाही. एक कॉइल तशीच ठेवून तिचे फेरे मोजते, आणि तारेवरचे जळके आवरण खरवडून मायक्रोमीटरने जाडी पाहते. मग खाचांमध्ये नवा कागद बसवते, लाकडी फर्म्यावर नवी कॉइल गुंडाळते, आणि बांबूच्या चपट्या पट्टीने एकेक तार खाचेत सरकवते. तार जोराने दाबली तर आवरण सोलते आणि सगळी मेहनत वाया जाते, म्हणून ती इथे घाई करत नाही. शेवटी दोऱ्याने कॉइलींची टोके बांधून मेगर, म्हणजे तारेचे आवरण शाबूत आहे का हे तपासणारे उपकरण, लावून पाहते. हे सगळे करताना तिचा तीन वर्षांचा मुलगा बाजूला जुन्या तांब्याच्या तुकड्यांशी खेळत होता.

तिच्या दुकानातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एक जाड वही. प्रत्येक मोटार उघडली की तिची कंपनी, अश्वशक्ती, खाचांची संख्या, तारेचा गेज आणि फेरे ती त्यात लिहून ठेवते. पहिल्या वर्षी एका मोटारीचे फेरे मोजण्यात तिची चूक झाली, मोटार तापू लागली, आणि तिने ती स्वतःच्या खर्चाने पुन्हा भरून दिली. त्या दिवसापासून ही वही आहे. आता तशीच मोटार आली तर ती आधी वहीत पाहते आणि मोजून पडताळते. सुरुवातीला गिऱ्हाईक मोटार खाली उतरवून "मिस्त्री कुठे गेले?" असे विचारत. आज आसपासच्या सहा-सात गावांतून मोटारी येतात आणि लोक तिला 'ताई' म्हणून फोन करतात. तिचे उत्पन्न किती ते मी लिहिणार नाही. एवढे सांगते की कारखान्यात उमेदवार म्हणून मिळत होते त्याच्या ते कितीतरी पट आहे, आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांत तिला मदतनीस लागतो.

तिला ही वाट कोणत्याही योजनेने दाखवली नाही. पण ज्यांनी अशी वाट विचारपूर्वक आखली, असेही लोक आपल्याकडे आहेत. शिरूर तालुक्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लिव्हरमधले संशोधनाचे काम सोडून ते एका दुष्काळी गावात राहायला गेले. तिथल्या एक वर्षाच्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुले-मुली वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती आणि अन्नप्रक्रिया अशी निरनिराळी कामे प्रत्यक्ष करून शिकतात, आणि त्यांतले पुष्कळसे काम गावातल्या खऱ्या गिऱ्हाइकासाठी, खऱ्या पैशांत केलेले असते. म्हणजे शिकणे संपते तेव्हा पहिले गिऱ्हाईक आधीच भेटलेले असते, दर कसा सांगायचा आणि उधारी कशी मागायची हेही कळलेले असते. आमच्या संस्थेत दोन वर्षांत मुली शेकडो जोडण्या करतात आणि त्या सगळ्या फळीवरून सोडवून पुन्हा तारांचे भेंडोळे करून ठेवतात. जवळच्या शाळेची, अंगणवाडीची, ग्रामपंचायतीची वायरिंग निदेशकाच्या देखरेखीखाली त्यांच्याकडून करून घेतली, तर काय बिघडेल? मी असा प्रस्ताव दोनदा दिला होता.

दुसरे उदाहरण ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचे. कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिरे इथे १९८२ मध्ये धर्मस्थळ संस्थान आणि दोन बँका यांनी मिळून जी संस्था काढली, तिच्या नमुन्यावर आता जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांमार्फत या संस्था चालतात. प्रशिक्षण निवासी, विनाशुल्क आणि काही आठवड्यांचेच असते. पण त्याच्या रचनेत पुढची दोन वर्षे प्रशिक्षणार्थीचा पाठपुरावा करणे आणि बँकेच्या कर्जाशी त्याची गाठ घालून देणे हे धरलेले आहे. पाठपुरावा सगळीकडे सारख्या निष्ठेने होत नाही, परंतु तो कर्तव्याचा भाग म्हणून लिहिलेला आहे ही गोष्ट मोठी आहे. गावातल्या बायका मला बहुधा "फुकट शिलाई मशीन कुठे मिळते?" असे विचारतात, त्यांना मी आधी या संस्थेचा पत्ता देते. शिंपीकाम आधीपासून करणाऱ्यांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांकरिता १५,००० रुपयांचे साहाय्य आणि कमी व्याजाचे कर्ज आहे, पण ती अठरा पारंपरिक व्यवसायांतल्या कारागिरांची योजना आहे आणि एका कुटुंबातल्या एकालाच तिचा लाभ मिळतो.

राज्य सरकारच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय किंवा पदविका झालेल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन मिळाले. मुदत सहा महिन्यांची होती, ती पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. माझ्या ओळखीच्या काही मुली त्यात लागल्या. वीजतंत्री झालेली एक मुलगी एका कार्यालयात अकरा महिने आवक-जावक नोंदवत बसली. हाती पैसे आले, घरात मान वाढला, हे मी नाकारत नाही. पण त्या काळात तिच्या हाताला टेस्टर लागला नाही, आणि मुदत संपली तेव्हा ती पुन्हा त्याच सहा महिन्यांच्या तोंडाशी उभी होती.

स्त्रियांचा कामातला सहभाग वाढला आहे असे आकडे सांगतात. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षे व त्यावरील स्त्रियांपैकी श्रमशक्तीत असलेल्यांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेले. पण या वाढीचा मोठा भाग ग्रामीण भागातल्या स्वयंरोजगाराचा आहे, आणि घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारी बाईही त्यातच मोजली जाते. घरी बसून राहिलेल्या माझ्या विद्यार्थिनींपैकी निम्म्या तरी घरच्या उसाला पाणी देतात. सर्वेक्षणात त्या कामकरी आहेत. त्यांचे दोन वर्षांचे शिक्षण त्यात कुठेच दिसत नाही.

निवृत्तीनंतर मी एक साधी गोष्ट सुरू केली. माझ्या शेवटच्या सहा तुकड्यांतल्या मुलींचे दूरध्वनी क्रमांक एका वहीत लिहिले आणि नव्याने उत्तीर्ण होणाऱ्या मुलींचीही त्यात भर घालते. उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकीला सहा महिने, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फोन करते. अर्ज केला का, मुलाखतीला कोणासोबत गेलीस, गाडी दारापर्यंत येते का, महावितरणची विद्युत सहायकाची जाहिरात पाहिलीस का, तारतंत्री परवान्याची कागदपत्रे दिलीस का, एवढेच विचारते. काही वेळा फोन सासू उचलते आणि मग आधी तिच्याशी बोलावे लागते; ते बोलणे बहुधा जास्त उपयोगी पडते. गेल्या वर्षीच्या पाच मुलींपैकी तिघी आज उमेदवारी करत आहेत, एकीचे लग्न ठरले आहे, आणि एक घरी आहे.

घरी असलेल्या त्या मुलीचे गाव मोटार भरणाऱ्या ताईच्या दुकानापासून सात किलोमीटरवर आहे आणि मधे दिवसाउजेडी दोन गाड्या आहेत. मी दोघींची गाठ घालून दिली. ताईला ती हवी आहे, मुलीलाही काम शिकायचे आहे, पण कायदेशीर शिकाऊ उमेदवार घेण्यासाठी आस्थापनेत निदान चार माणसे असावी लागतात आणि त्या दुकानात एकटी ताई आहे. म्हणून विद्यावेतनातला सरकारी हिस्सा मिळणार नाही आणि उमेदवारीचे प्रमाणपत्रही मिळणार नाही. ताईने महिना चार हजार आणि येण्याजाण्याचे भाडे कबूल केले आहे, उन्हाळ्यात मोटारीमागे वेगळे पैसे. मुलीचे वडील दोनदा दुकान पाहून आले. दिवाळीनंतर ती जायला लागेल, आणि जाताना तिने एक कोरी जाड वही सोबत न्यावी असे ताईने सांगून ठेवले आहे.